हरभऱ्याएवढा चेहरा



निवृत्तीनंतर कोण काय करतं, हे प्रत्येकाने दहा मिनिटांत सांगायचं असं संयोजकांनी ठरवलं आहे. माझ्या आधी बोललेल्या मैत्रिणीने साठीनंतर संस्कृत घेऊन एम.ए. केलं, आणि आपल्या एका मित्राने गावात चारशे झाडं जगवली. मी काय करतो? मी धातूचे खेळण्यातले शिपाई जोडतो आणि रंगवतो. हसून घ्या. घरीही सगळे आधी हसलेच होते. दोन वर्षांत माझे अकरा शिपाई पुरे झाले, म्हणजे मी अजून नवशिकाच आहे.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मातीचे मावळे मांडायचो. हे शिपाई त्यांचे विलायतेतले चुलत भाऊ समजा. मावळा कुंभाराकडून रंगूनच घरी येतो, हा मात्र सुट्ट्या तुकड्यांत, राखाडी आणि बिनचेहऱ्याचा येतो. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी पूर्वी कथलाचे चपटे शिपाई ओतले. पुढे भरीव शिपाई आले. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की उरलेला धातू लगेच बाहेर ओतून टाकायचा. आतून पोकळ शिपाई तयार! धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली आणि मध्यमवर्गातल्या मुलांच्या हातात पलटणी आल्या. एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकाने अशा शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक 1913 मध्ये काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं.

त्या शिपायांत शिसं असे. मुलं खेळणी तोंडात घालतात, म्हणून नियम कडक होत गेले आणि 1966 च्या सुमारास ब्रिटनने शिशाचे शिपाई बंद केले. आज मोठ्या माणसांच्या छंदासाठी जे संच मिळतात ते बहुतेक कथलाच्या मिश्रधातूचे असतात. तरीही धातूत शिसं आहे असं धरूनच काम करावं. कानस मारताना धातू ओला ठेवायचा, म्हणजे पूड उडत नाही. चहाचा कप त्या टेबलावर नको, नातवंडं जवळ नकोत, आणि उठताना हात साबणाने धुवायचे.

माझ्याकडे पहिला संच आला तो भाच्यामुळे. लंडनहून येताना त्याने एक डबी आणली. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश पायदळाचा शिपाई, उंची 54 मिलिमीटर. धड, डोकं, दोन हात, रायफल, पाठपिशवी आणि उभं राहायला एक चकती. "मामा, आजोबा लढाईत होते ना, म्हणून आणला," एवढंच तो म्हणाला.

काम कसं करायचं ते थोडक्यात सांगतो. आधी सगळे तुकडे कोमट पाण्यात साबण घालून जुन्या दातब्रशने घासायचे. ओतकामाच्या वेळी साच्यात पावडर मारलेली असते, ती राहिली तर रंग धरत नाही. मग साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेले पातळ पापुद्रे आणि शिवणीसारखी उठलेली रेघ बारीक कानशीने काढायची. धातू मऊ असतो, हात हलका ठेवायचा. जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकडा कोरडाच बसवून बघायचा. नुसत्या फेव्हिक्विकवर हात टिकत नाही, म्हणून खांद्यात आणि दंडात हाताने फिरवायच्या ड्रिलने भोक पाडून पितळी तारेचा तुकडा घालायचा आणि मग अराल्डाइट लावायचं. फटी राहिल्या तर एम-सील आहेच. आपण गळक्या नळाला लावतो, तेच.

शिपाई जोडून झाला की बाटलीच्या बुचावर चिकटवायचा आणि यापुढे बुचालाच धरायचं. बोटांचं तेल रंगाचा शत्रू आहे. आधी राखाडी प्रायमरचा पातळ हात. तो पुरता वाळला की रंग, शरीराकडून बाहेरच्या दिशेने. म्हणजे आधी चेहरा आणि हात, मग सदरा, मग पट्टे, सगळ्यांत शेवटी रायफल. माणूस कपडे घालतो त्याच क्रमाने त्याला रंगवायचं. रंग दुधासारखा पातळ हवा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. आपले चित्रकलेचे सर समोर बसले आहेत. ब्रश पाण्यातून काढला की आधी फडक्याला टिपायचा, ही त्यांची सूचना मी आता रोज पाळतो. सर, पन्नास वर्षं उशीर झाला, पण पाळतो.

आता चेहऱ्याकडे येतो. 54 मिलिमीटरच्या माणसाचा चेहरा हरभऱ्याएवढा. डबीवरच्या चित्रातला शिपाई गोरा, गुलाबी होता. त्वचेसाठी म्हणून रंगाची जी बाटली मिळते तीही गुलाबीच. ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ बसलो.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मराठा पलटणीत होते. बेळगावला शिकले आणि तिथून इटलीत गेले. त्या मोहिमेत याच रेजिमेंटच्या दोन शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळीबारातून मागे आणलं. ही नावं पुस्तकांत आहेत. तात्यांचं नाव पुस्तकात नाही, आणि इटलीबद्दल ते घरात फक्त इतकंच बोलायचे की तिथे द्राक्षं चांगली होती.

इटलीत आपल्या जवानांचा वेशही बराचसा असाच होता. उन्हाळ्यात खाकी सुती कपडे, थंडीत लोकरी, आणि डोक्यावर तेच पसरट काठाचं लोखंडी शिरस्त्राण. म्हणजे डबीतल्या शिपायाला तात्या करायला कानस लागणार नव्हती. लागणार होता तो रंग. पण कोणता? घरात त्यांचा तरुणपणचा एकच फोटो, काळा-पांढरा. ताई म्हणाली सावळे होते. काका म्हणाले छे, गव्हाळ. शेवटी आईला विचारलं. ती आता पंच्याण्णव वर्षांची आहे. तिने फोटो न बघताच सांगितलं, "शेंगदाणा भाजल्यावर साल कशी होते? तसा रंग. वरून सावळा, आतून तांबूस."

तपकिरी, पिवळी माती आणि थोडा विटकरी असे मिसळून तो रंग केला. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर एक छटा उजळ, शिरस्त्राणाखाली आणि हनुवटीखाली एक छटा गडद. भुवईखाली केसाएवढी काळी रेघ ओढली. या आकारात बुबुळं काढायला गेलं की शिपाई घाबरल्यासारखा दिसतो, म्हणून रेघेवरच थांबायचं. मिशी केली आणि आईसमोर नेऊन ठेवला. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "मिशीच्या डाव्या टोकाखाली वण होता ह्यांना. तो कुठे आहे?"

आम्ही चौघं भावंडं त्या चेहऱ्यासमोर लहानाची मोठी झालो. तो वण आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि दाढी करताना वस्तरा लागला असेल असं धरून चाललो होतो. आई म्हणाली, "लग्नाला उभे राहिले तेव्हाच होता. तिकडून आलेला. एकदा विचारलं मी. उठून गोठ्यात गेले. परत नाही विचारलं."

त्या रात्री सर्वांत बारीक ब्रशने मी हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यावर फिकट गुलाबी रंगाची एक मिलिमीटरची रेघ ओढली. ती बाटली शेवटी तिथे कामाला आली. वर बिनचकाकीचं वॉर्निश दिलं. तो शिपाई आता आईच्या कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी उभा असतो. आलेल्याला ती दाखवते, आणि वण कुठे आहे तेही सांगते.

मित्रहो, छंदाने मन रमतं, वेळ जातो, हे सगळं खरं आहे. मला मिळालेली गोष्ट जराशी वेगळी. कुठलीही वस्तू रंगवायची तर तिचा प्रत्येक कोपरा कोणत्या रंगाचा, हे ठरवावं लागतं. ठरवायला बसलं की आपल्याला काय काय ठाऊक नाही ते कळतं, आणि मग विचारायला उठावं लागतं. तात्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच. पण आईला विचारता आलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून विचारण्यासारखं कुणी आहे, त्यांनी या दिवाळीत एक काळा-पांढरा फोटो त्यांच्यापुढे ठेवावा आणि फक्त रंग विचारावेत. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, दाराला रंग कोणता होता. बाकीचं ते आपणहून सांगतात.

जेवणानंतर दहावी 'ब'च्या वर्गात मागच्या बाकावर मी कानशी, बुचं, रंग आणि एक न जोडलेला शिपाई मांडून ठेवणार आहे. ज्यांचा हात थरथरतो त्यांनीही यावं. दोन्ही मनगटं बाकाच्या कडेला टेकवली की थरथर निम्म्याने कमी होते. चष्मा मात्र ज्याचा त्याने आणायचा.