मागच्या सीटचा नकार : पाऊस, आंबोली आणि गोव्याची बायकर मीट

बाईक चालवता चालवता हे ऐकत असाल तर आधी इअरफोन काढा. घरी गेल्यावर ऐका, आपला एपिसोड कुठे पळून जात नाही.

आजचा विषय बाईकचाच आहे, पण जरा वेगळ्या सीटवरून. रायडिंगवर बोलणारे बहुतेक लोक हँडल धरलेले असतात. मी मागे बसते. म्हणजे पिलियन. नवरा चालवतो, मी मागे, दोन्ही बाजूंना सॅडलबॅग, आणि सोबत आमची मित्रमंडळी. अशा ग्रुपमध्ये पाऊस लागला की पुढे जायचं की थांबायचं, हे कोण ठरवतं? आणि खरं तर कोणी ठरवावं? आज त्याबद्दल बोलू.

नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डवाल्यांची मोठी जत्रा भरते, हे तुम्हाला माहीत असेलच. आधी तिला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स म्हणतात. पुण्यातून निघायचं तर साताऱ्यावरून कोल्हापूर, मग निपाणीला हायवे सोडून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि म्हापसा. साधारण साडेचारशे किलोमीटर. पहाटे निघालं की संध्याकाळी मैदानावर, असा सगळ्यांचा हिशोब असतो.

आमचाही तोच होता. पाच बाईक, सात माणसं : तीन सोलो आणि दोन जोड्या. शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. आणि अरबी समुद्रात नेमका तेव्हाच कमी दाबाचा पट्टा! कराडच्या पुढे जे धरलं ते सोडेचना. हायवेवर कामं चाललेली, त्यामुळे डायव्हर्जन, चिखल आणि ट्रकच्या चाकांचा फवारा थेट तोंडावर. कोल्हापुरात मिसळ खाऊन जरा जीवात जीव आला. आजऱ्याला चहाला थांबलो तेव्हा साडेचार वाजले होते.

आता इथे जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. ६०च्या स्पीडला बाईक एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १७ मीटर संपले. त्यात रस्ता ओला. टायरची पकड निम्मी झाली तर ब्रेक मारल्यानंतर थांबायला दुप्पट अंतर लागतं. आता चांगली बातमी : स्पीड ६०वरून ४०वर आणला तर तेच अंतर निम्म्यापेक्षा कमी होतं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. म्हणून पावसात २० कमी करणं हा भित्रेपणा नाही, सरळ गणित आहे.

‘पण आपल्याकडे एबीएस आहे ना!’ आहे. २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. ओल्या रस्त्यावर नसलेली पकड ते आणणार कुठून? वळणावर पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं, किंवा कुणाचं डिझेल सांडलेलं असलं, तर तिथे एबीएस तरी काय करणार?

आणि डबल सीटचा हिशोब अजून वेगळा. मागे माणूस आणि सामान असलं की मागचं सस्पेन्शन दबतं, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट वर बघायला लागतो. म्हणून निघण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवायचा आणि हवा डबल सीटला कंपनीने सांगितली आहे तेवढी भरायची. आमच्या ग्रुपमध्ये हे सगळं झालं होतं. गाड्या तयार होत्या. प्रश्न माणसांचा होता.

तर आजरा. टपरीवर सगळे उभे, हातात कटिंग. आमच्यातला एक सोलोवाला म्हणाला, “वहिनी, आता राहिलंच काय? आंबोली उतरली की सावंतवाडी, मग गोवा आलंच की!”

नवरा म्हणाला, “हळू जाऊ ना आपण.”

मी म्हटलं, “हळू म्हणजे किती? माझी बोटं इतकी गारठलीत की मागचं ग्रॅब रेल धरता येत नाहीये. तुझा व्हायझर दर दोन मिनिटांनी धुरकट होतोय, मला मागून दिसतंय. पाऊण-एक तासात आंबोली येईल आणि तेव्हा अंधार पडत असेल. मी आज घाट उतरणार नाही.”

सगळे गप्प. आणि मग दुसऱ्या बाईकवरची वहिनी हळूच म्हणाली, “मीपण नाही.”

ती नंतर मला जे म्हणाली त्यासाठीच हा एपिसोड केलाय. म्हणाली, “निपाणीपासून मला हेच म्हणायचं होतं गं. पण सगळ्यांचा मूड जाईल म्हणून बोलले नाही.” निपाणी ते आजरा, एवढा सगळा रस्ता ती जीव मुठीत धरून गप्प बसून आली होती. आणि तिच्या नवऱ्याला वाटत होतं, मॅडम मजेत आहेत!

मंडळी, चालवणाऱ्याच्या हातात थ्रॉटल असतो, पुढचा ब्रेक असतो, पायाखाली मागचा ब्रेक असतो. मागे बसणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. गाडी घसरली तर लागणार मात्र दोघांना. आमच्याकडे एकच ब्रेक असतो : तोंड. तो दाबायला लाज वाटत असेल, तर ती गाडी एका ब्रेकविना चालली आहे असं समजा.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात मोठा दादा लीडला होता. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, “ठरलं. दोन्ही डबल सीट इथेच थांबणार. मी त्यांच्यासोबत. सोलोवाल्यांना जायचं असेल तर दोघांनी एकत्र जा, एकट्याने नाही, आणि पोचल्यावर फोन.” ना टोमणा, ना लेक्चर.

थांबण्याची किंमत होती बरं का. हणजुण्याला रूम बुक केली होती, त्या रात्रीचे पैसे गेले. शुक्रवारचा गाण्यांचा कार्यक्रम गेला, ज्यासाठी नवरा महिनाभर उड्या मारत होता. तो तासभर माझ्याशी नीट बोललाही नाही. लॉजवर आम्ही बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, ग्लोव्हज पंख्याखाली टांगले आणि आजरा घनसाळचा गरम भात-आमटी खाल्ली. तेव्हा कुठे साहेबांची कळी जरा खुलली.

पावणेनऊला फोन आला. दोघे सोलोवाले म्हापशाला सुखरूप पोचले होते. “काहीच नव्हतं रे घाटात! उगाच थांबलात!”

झालं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ते पोचले याचा मला आनंद आहे. पण त्यांच्या मागे कोणी बसलं नव्हतं.” ते पोचले म्हणून आमचा निर्णय चुकीचा ठरत नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि काही झालं नाही, तर ती काय रस्ता ओलांडायची पद्धत होते का? निर्णय घेताना आपल्याला जे माहीत असतं, त्यावरूनच तो बरा की वाईट ते ठरवायचं. गारठलेले हात, धूसर काच, येणारा अंधार, अनोळखी घाट : आजऱ्यात आम्हाला एवढं माहीत होतं. तेवढं पुरेसं होतं.

शनिवारी सकाळी पाऊस भुरभुरीवर आला होता. आंबोलीत धुकं होतं, पण उजेड होता. घाटात एकामागे एक, दोन गाड्यांमध्ये भरपूर अंतर, स्पीड तिशीत. मी वळणावर आतल्या खांद्यावरून पुढे बघत होते, म्हणजे अंग आपोआप गाडीसोबत झुकतं. मधे थांबून धबधबा बघितला, कणीस खाल्लं. दुपारी वागातोरला पोचलो आणि शनिवार अख्खा मिळाला.

तिथे बायकर लोकांचा एक आवडता खेळ बघितला : स्लो रेस. पाय जमिनीला न टेकवता जो सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो. हायवेवर शंभर मारणारे भलेभले तिथे दहा फुटांत पाय टेकवतात. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो हसला. काही बोलला नाही, पण रविवारी परत निघताना हेल्मेट घालण्याआधी त्याने स्वतःहून विचारलं, “ठीक आहेस ना? कुठे थांबावंसं वाटलं तर सांग.”

आता आमच्या ग्रुपमध्ये तीन नियम झालेत. एक : ग्रुपचा स्पीड सगळ्यात हळू डबल सीट ठरवणार. दोन : मागच्याने खांद्यावर दोनदा थाप मारली की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं, ‘का’ ते थांबल्यावर विचारायचं. तीन : मागच्याचा ‘नाही’ शेवटचा, त्यावर मतदान नाही. आणि हेल्मेट दोघांनाही, आयएसआय मार्कवालं. कायदा मागच्यालाही तेच सांगतो, आणि डोकं दोघांनाही एकेकच असतं.

पुढे बसणाऱ्यांनो, मागचं माणूस गप्प आहे म्हणजे खूश आहे असं धरून चालू नका. दर थांब्यावर विचारा. आणि मागे बसणाऱ्यांनो, मूड कुणाचाही गेला तरी दोन चहात परत येतो. तुम्ही बोला.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ज्याच्या मागे बसता, किंवा जो तुमच्या मागे बसतो, त्याला हा एपिसोड आजच पाठवा. सांभाळून चालवा!