संगणकविद्या आणि चरितार्थ



मठाच्या वर्धापनोत्सवात ज्ञानचर्चा व्हावी, ही आपली जुनी परंपरा आहे. परंतु मठाची पायरी चढणारा प्रत्येक जण मोक्षाचाच प्रश्न घेऊन येतो, असे नाही. पंगती उठतात, भांडीकुंडी आवरली जातात आणि मग एखादी माता ओसरीवर घुटमळत राहते. चार घरची धुणीभांडी करून तिने काही रुपये गाठीला बांधलेले असतात. ती संकोचत विचारते, "पोरीला कॉम्प्युटरच्या वर्गाला घातली, तर नोकरी लागेल ना?"

या प्रश्नाला "हो" म्हणणे सोपे आहे आणि "त्यात काही अर्थ नाही" म्हणणे त्याहून सोपे आहे. दोन्ही उत्तरे अर्धसत्य होत. ज्या घरात फीचे पैसे म्हणजे दोन महिन्यांचा किराणा असतो, त्या घराला अर्धसत्य सांगणे हा एक प्रकारचा अपराधच आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा बारकाईने विचार करणे उचित ठरेल.

आपल्या न्यायशास्त्रात घटाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. घट निर्माण व्हावयास मृत्तिका हवी, चक्र हवे, ते फिरविणारा दंड हवा आणि कुंभारही हवा. यांपैकी एकच कारण कितीही उत्तम असले, तरी इतरांवाचून कार्य घडत नाही. सगळी कारणसामग्री एकत्र आली, म्हणजेच घट उत्पन्न होतो. संगणकाचे शिक्षण हे नोकरीचे एक कारण आहे. संपूर्ण कारणसामग्री नव्हे. सारा घोटाळा होतो तो एका कारणालाच पूर्ण सामग्री मानल्यामुळे.

प्रथम या एका कारणाचे महत्त्व पाहू. आज कचेरीतील साध्या कारकुनाच्या जागेलाही संगणकाचे ज्ञान ही प्रवेशाची अट होऊन बसली आहे. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला, तो मुख्यत्वे सरकारी भरतीतील या अटीमुळे. आपल्या मध्यप्रदेशात २०१६ पासून सी.पी.सी.टी. ही परीक्षा घेतली जात आहे. डेटा एन्ट्री ऑपरेटर, टंकलेखक, लघुलेखक अशा जागांसाठी तिचे गुणपत्रक मागतात. तीत संगणकाच्या सामान्य ज्ञानाबरोबरच मिनिटाला इंग्रजीचे ३० आणि हिंदीचे २० शब्द टंकित करण्याची कसोटी असते. ही पायरी ज्याने ओलांडली नाही, त्याचा अर्ज बाकीचे गुण पाहण्यापूर्वीच बाजूला पडतो. गरिबाच्या मुलाच्या दृष्टीने या विद्येचा पहिला लाभ हाच की, दार ठोठावण्याचा अधिकार त्याला मिळतो. दार उघडणे ही पुढची गोष्ट.

दुसरे कारण म्हणजे अभ्यास, अर्थात नित्य सराव. केंद्र सरकारने २०१७ साली ग्रामीण जनतेसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. सहा कोटी घरांतील प्रत्येकी एका व्यक्तीला शिकविण्याचा त्याचा संकल्प होता. मार्च २०२४ मध्ये ते संपले, तेव्हा प्रशिक्षितांची संख्या ६ कोटी ३९ लाखांच्या घरात गेली होती. कार्य मोठे, यात शंका नाही. परंतु तो पाठ केवळ २० तासांचा होता. यंत्र सुरू करावे, पत्र पाठवावे, पैशांचा व्यवहार करावा, सरकारी सेवांची माहिती मिळवावी, एवढेच त्यात अभिप्रेत होते. ती साक्षरता होय. अक्षरओळख झालेल्या मुलास कोणी पंडित म्हणत नाही. तद्वत २० तासांच्या शिक्षणातून उपजीविका निघेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. बोटांना वेग येतो तो महिनोन्महिने रोज बसल्याने. आणि येथेच गरिबाचे पाऊल अडखळते. वर्गात तासभर यंत्र मिळते, घरी ते नसते. एकाच वर्गात शिकलेल्या दोघांकडे एकसारखीच प्रमाणपत्रे असतात. पण एकाच्या घरी यंत्र आहे आणि दुसऱ्याच्या घरी नाही, एवढ्यावरून दोघांचे भाग्य निराळे होते.

सरावाच्या बाबतीत आपल्या मुलांपाशी एक ठेवा आहे, याची जाणीव पुष्कळांना नसते. हिंदी टंकलेखनासाठी या परीक्षेत जे कळफलक चालतात, त्यांत इन्स्क्रिप्ट नावाचा एक आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सिद्ध झालेली ही रचना आपल्या वर्णमालेवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळीवर 'क', तीच वरची कळ दाबून धरली असता 'ख' देते. 'ग' आणि 'घ' यांचीही तशीच जोडी. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा हा विवेक पाठशाळेतील बटू पहिल्याच वर्षी शिकतो. ज्याचे शुद्धलेखन पक्के आहे, जोडाक्षरे ज्याला अडवीत नाहीत, त्याला हा कळफलक परका वाटण्याचे कारण नाही. वडिलार्जित विद्या आणि नवी विद्या यांत जे वैर आहे असे आपण समजतो, ते येथे तरी दिसत नाही.

तिसरे कारण मार्गदर्शन. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीच्या परिसरातील १६० खेड्यांत एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८० खेड्यांत तीन वर्षे दूरध्वनी-सेवेच्या कचेऱ्यांसाठी माणसे निवडणारे जाणकार पाठविण्यात आले. नोकऱ्या कोणत्या, त्यांस काय यावे लागते, अर्ज कसा करावा, मुलाखत कशी द्यावी, हे त्यांनी तेथील तरुण स्त्रियांना समजावून सांगितले. परिणाम असा दिसला की, अशा खेड्यांतील तरुणी अधिक संख्येने कामाला लागल्या किंवा पुढील शिक्षणाकडे वळल्या आणि त्यांची लग्नेही लांबणीवर पडली. वाट दिसताच शिकण्याची इच्छाही जागी झाली. यावरून ध्यानात येते की, गरिबाच्या घरात बुद्धीची वाण नसते. वाण असते ती वाट सांगणाऱ्या ओळखीच्या माणसाची.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. यंत्रे बदलतात. गोदरेजने १९५५ साली देशात टंकयंत्र बनविले, तेव्हा टंकलेखनाची विद्या ही मध्यमवर्गाची भाकरी झाली होती. २०११ पर्यंत ते उत्पादन संपुष्टात आले. आज तर कागद वाचून नोंदी करण्याचे कामही यंत्रच करू लागले आहे. म्हणून केवळ नोंदी भरण्यावर विसंबणाऱ्याचे भविष्य निश्चित नाही. परंतु टंकयंत्रावर ज्यांची बोटे तयार झाली होती आणि ज्यांची भाषा स्वच्छ होती, त्यांना संगणक जड गेला नाही. हिशेब समजणे, पत्र नीट लिहिणे, चूक झाली असता ती आपली आपण शोधणे, हे गुण यंत्राबरोबर मोडीत निघत नाहीत.

आता त्या मातेला काय सांगावे? सांगावे की, बाई, मुलीला अवश्य शिकवा. मात्र जो वर्गचालक नोकरीची हमी देतो, त्याच्या दारात पैसे टाकू नका. जेथे सरावाला यंत्र मोकळे मिळते आणि परीक्षा खरी होते, तेथे घाला. एक वर्ग संपला म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नका.

आणि भक्तजनांस काय सांगावे? अन्नदानाला या मठात कधी तूट पडली नाही. त्याच हातांनी थोडे निराळे दानही घडावे. ज्याच्या घरी किंवा पेढीवर यंत्र आहे, त्याने सायंकाळचा एक तास ते एखाद्या मुलीसाठी मोकळे ठेवावे. जो कचेरीत आहे, त्याने भरतीची जाहिरात वाचून दाखवावी व अर्ज तपासून द्यावा. ज्याचे दुकान आहे, त्याने जमाखर्चाच्या कामावर अशा नवशिक्यास योग्य वेतन देऊन पहिले सहा महिने ठेवून घ्यावे. कारण अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हा अन्योन्याश्रय कोणीतरी तोडावाच लागतो.

मृत्तिका त्या मातेने आपल्या कष्टाने आणून ठेवली आहे. चक्र आणि दंड पुरविणे हे समाजाचे कर्तव्य होय. पुढल्या वर्धापनदिनी ती माता पुन्हा ओसरीवर उभी राहील, तेव्हा तिला प्रश्न विचारावयाची वेळ येऊ नये, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.

इति शुभम्।