विरलेलं लुगडं, गाठवलेली ठुशी



मुंबई दूरदर्शन 1972 च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मराठी बातम्या वाचायला एक सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी पडद्यावर दिसू लागली. स्मिता पाटील. तिच्या त्या दिवसांची एक गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. केंद्रावर ती यायची जीन्स घालून. बातम्यांची वेळ झाली की त्याच जीन्सवर हातमागाची साडी गुंडाळायची, कपाळावर मोठं कुंकू लावायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. पडदा कृष्णधवल आणि कमरेखालचं काही दिसायचा प्रश्नच नाही! बातम्या संपल्या, साडी सोडली, की बाई पुन्हा रस्त्यावर जायला मोकळ्या.

हल्ली मासिकांतून "स्ट्रीट स्टाईल" या नावाखाली जे छापून येतं, ते या मुलीने पन्नास वर्षांपूर्वी काही न ठरवता केलं होतं. तिच्या साड्या सुती, हातमागाच्या असत आणि त्यांच्या जोडीला रोज वापरातले कपडे. आजही फर्ग्युसन रस्त्यावर नाहीतर दादर स्टेशनबाहेर भर दुपारी ज्या मुली लक्ष वेधून घेतात, त्यांच्या अंगावर नीट पाहिलं तर हेच दिसतं. आजीच्या लुगड्याचा ढगळ शर्ट, रोजची पँट, गळ्यात काळ्या दोऱ्यात गाठवलेलं काहीतरी आणि पायात कोल्हापुरी. बघणाऱ्याला वाटतं, हाताला लागेल ते घालून निघाली. खरं तर त्या प्रत्येक वस्तूवर कुणाचे ना कुणाचे हात पुष्कळ राबलेले असतात.

आधी उन्हाचं बोलू. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा 45 च्या पुढे जातो, पुण्यातही चाळिशी गाठतो. अशा दिवसांत नव्या कोऱ्या कपड्यापेक्षा जुना सुती कपडा अंगाला बरा वाटतो, त्यात आठवणींचा भाग थोडा आणि कापसाचा जास्त. सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल हवेतूनच धरून ठेवतो. पॉलिस्टरला अर्धा टक्काही जमत नाही. त्यामुळे घाम सुतात शिरतो आणि तिथून उडून जातो, पॉलिस्टरखाली तो अंगावरच चिकचिकत राहतो. शिवाय नव्या कापडात खळ असते. दर धुण्याला ती उतरत जाते, धागा मोकळा होतो आणि शंभरेक धुण्यांनंतर जो मऊपणा येतो, तो कुठल्याही दुकानात नव्या कापडाला मिळत नाही. बाळाच्या दुपट्याला आणि अंगावरच्या गोधडीला जुनं लुगडंच का लागायचं, ते यावरून कळतं.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याची जागा आणि काष्ट्याचा ताण जिथे पडतो ती जागा आधी विरते. पदर आणि आतला घेर पुष्कळ वर्षं धड राहतो. म्हणून पूर्वी घरोघरी लुगड्याला दांड घालत. मधला विरलेला पट्टा आडवा फाडून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, की झालं. कधी कधी दोन जुन्या लुगड्यांच्या चांगल्या भागांचं मिळून एक होई आणि मग अर्धं हिरवं, अर्धं जांभळं असं लुगडं नेसून बाई खुशाल शेतावर जाई. हा दांड जवळून बघण्यासारखा असतो. बारीक, घट्ट, हाताची शिवण; दोन्ही कडा आत दुमडलेल्या, म्हणजे सूत निघू नये आणि अंगाला टोचू नये. नेसताना ती शिवण निऱ्यांत लपवायची रीत होती. आताचे काही शिंपी जुन्या इरकलीचा कुर्ता शिवताना तोच दांड मुद्दाम पाठीवर, डोळ्यांत भरेल असा घेतात. गरिबीची खूण अशी मिरवायची वस्तू झाली, यावर नाक मुरडता येईल. पण ती शिवण कापून टाकण्यापेक्षा मिरवलेली बरी.

एक सांगायला हवं. धड साडीला कात्री लावायचा मोह आवरावा. इरकलीचा पदर रेशमी असतो आणि तो सुती अंगाला मागावरच, धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोडलेला असतो. त्याला टोप-टेणी म्हणतात. अशी साडी विरली नसेल तर नेसावी. जिथे बोट टेकवलं की कापड फाटतं, तीच शिंप्याकडे द्यावी. ओळखायला सोपं आहे. उजेडासमोर धरावी आणि घडीच्या रेषा तपासाव्यात. ठेवणीतली साडी आधी विरते ती घडीवर.

आता ही जुनी वस्त्रं येतात कुठून? घरातली ट्रंक हे पहिलं ठिकाण. दुसरं दारावर येतं, किंवा आतापर्यंत येत होतं. बोहारीण! डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. मुंबईत हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला. तीन साड्या आणि दोन पँटींवर एक पातेलं मिळायचं आणि त्या एका पातेल्यासाठी दुपारभर घासाघीस चालायची. "हे तर विरलंय, बाई," असं म्हणत ती कापड उजेडासमोर धरायची. वर सांगितलेली परीक्षा तिचीच आहे. पुढे त्या कपड्यांची निवड व्हायची. धड पँटी-शर्ट दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन कष्टकऱ्यांच्या बाजारात जायचे, अगदी फाटकं चिंध्यांत जायचं आणि खऱ्या जरीचे काठ चांदी काढायला वेगळे व्हायचे. किती पैठण्या त्या भट्टीत गेल्या असतील! आज "व्हिंटेज" म्हणून ज्याला हजारो रुपये मोजतात, त्याचा खरा पारखी या देशात बोहारणीइतका दुसरा कुणी नसेल, आणि तिला त्यातलं जेमतेम पोटापुरतं मिळालं.

बाजारात जायचं असेल तर पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार आहे. तिथे कपड्यांपेक्षा बाकीचा ऐवज चांगला मिळतो. पितळी बकलं, शिंपल्याची बटणं आणि घड्याळं, विशेषतः किल्लीची एचएमटी. सुती शर्टाच्या दुमडलेल्या बाहीखाली एचएमटी जनता जशी शोभते तसं काही शोभत नाही, असं मानणारे बरेच आहेत. मात्र इथे डोळे उघडे ठेवावेत. जुन्या यंत्रावर नवी, भडक रंगवलेली तबकडी बसवून विकायची कला मुंबईत इतकी फोफावली की जगभरचे शौकीन अशा घड्याळाला "मुंबई स्पेशल" म्हणतात. आकडे किंचित वाकडे, अक्षरं जाडीभरडी आणि तबकडीचा रंग केशरी-निळा असा झगझगीत दिसला, तर समजावं. किंमत ठीक वाटली तर तेही घ्यायला हरकत नाही. पण जनताच्या भावात घेऊ नये.

गोव्यात हणजुणेला बुधवारचा बाजार हिप्पींनी सुरू केला. पुढे तिथे कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका आरसे आणि कवड्यांचं भरतकाम घेऊन बसू लागल्या. त्याच गोव्यात कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विसरत चाललेली कुणबी साडी पुन्हा मागावर आणली. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं, भातशेतीत वावरता यावं म्हणून आखूड नेसायचं हे जाडसर सुती वस्त्र. उन्हाळ्यासाठी त्याहून चांगलं सुचवणं अवघड आहे.

दागिन्यांकडे येऊ. उन्हाळ्यात गळ्यात काय घालावं, याचं जुनं उत्तर आहे हलकं घालावं. बोरमाळेचे मणी भरीव नसतातच; आत लाख आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. दिसायला भरघोस, वजनाला फूल. ठुशीत बारीक गोल मणी इतके जवळजवळ ओवलेले असतात की मधला दोरा दिसत नाही, आणि मागे गोंड्याची सरकती दोरी असते, म्हणून ती कुठल्याही गळ्याला बसते. सोन्याची ठुशी सांभाळून ठेवावी. चांदीची किंवा पितळेवर मुलामा दिलेली ठुशी सुती कुर्त्यावर कॉलेजात, ऑफिसात बिनधास्त चालते. कोल्हापुरी साजाची एकवीस पानं मात्र रस्त्यावरच्या धावपळीला जरा जडच. त्यातलं एखादं सुटं पान काळ्या दोऱ्यात घालणाऱ्या मुली दिसतात. जुन्या बायका ते बघून हळहळतात आणि नंतर तसंच एक गाठवून मागतात.

गाठवणं हे काम पटवेकऱ्याचं. सोनार मणी घडवतो, पण मण्यांचा दागिना होतो तो पटवेकऱ्याकडे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, तो ताणून धरत, प्रत्येक मण्यामागे गाठ मारत तो पुढे सरकतो. त्या गाठीमुळे माळ तुटली तरी मणी रस्ताभर सांडत नाहीत, एखादाच निसटतो. उन्हाळ्यात घामाने दोरा कुजतो, म्हणून पावसाआधी माळा पुन्हा गाठवून घ्याव्यात. सुट्या, तुटक्या मण्यांची पुरचुंडी प्रत्येक घरात असते. ती घेऊन पटवेकऱ्यासमोर बसलं की थोड्या मजुरीत दुसऱ्या कुणाकडे नाही असा दागिना तयार होतो. ही मंडळी आता शहरांच्या जुन्या पेठांत हुडकावी लागतात.

तुळशीबागेत "ऑक्सिडाइज्ड" म्हणून ढिगाने मिळतं ते बहुतेक जर्मन सिल्व्हर असतं. नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. घामाने त्यातलं निकेल सुटतं आणि पुष्कळांच्या मानेवर, कानाच्या पाळीवर लाल पुरळ उठतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या कारागिरांची चांदी घ्यावी. दोन झुमक्यांऐवजी एक मिळेल, पण तो मे महिन्यातही घालता येईल.

राहता राहिल्या वहाणा. जून 2025 मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दिसल्या आणि त्यांची ओळख नुसती "चामडी सँडल" अशी होती. महाराष्ट्रात गदारोळ झाला. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. कंपनीने मग भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घेणार असल्याचं जाहीर केलं. किंमत साधारण 800 युरो सांगितली गेली. कोल्हापुरात हजार-दीड हजारांत उत्तम कापशी चप्पल मिळते, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावं.

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, आणि अस्सल जोडात खिळा नसतो, कातड्याच्याच वादीने शिवण घातलेली असते. नवी वहाण पहिले काही दिवस चावते. दुकानदार सांगतात त्याप्रमाणे आतल्या बाजूने खोबरेल किंवा एरंडेल चोळून रात्रभर ठेवावी, सकाळी घरातल्या घरात घालून फिरावी आणि मगच बाहेर पडावं. पाण्याशी तिचं जमत नाही. भिजली तर कातडं फुगतं आणि शिवण सैल होते. वळवाची सर आली तर पायातून काढून पिशवीत टाकावी आणि मृग लागला की कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यावी, दिवाळीपर्यंत.