स्तूपाची वीट कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे आपल्या विहाराची सहल पवनीला गेली होती, आठवते ना? जगन्नाथ टेकडीवर आपल्यातल्या एका आजीबाईंनी मला विचारले, "भाऊ, येथे एवढा मोठा स्तूप होता म्हणता, मग त्याचे दगड काहून दिसत नाहीत?" प्रश्न साधाच होता. पण मला लगेच उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्यात प्रमुख होते. टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. तुमच्या-आमच्यासारखेच उपासक ते! एका स्तंभावर पाच फण्यांचा नागराज मुचलिंद आहे. 15 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी याच नागपुरात सांगितले होते की, नाग लोकांनी धम्म पसरविला म्हणून हे शहर निवडले. त्या नागांची खूण पवनीच्या मातीत होती. तो स्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आजीबाई, म्हणून तुम्हाला दिसला नाही.

आता कोणी म्हणेल, मग खोदूच द्यायला नको होते. मी तसे म्हणत नाही. खोदले नसते तर आपल्यासाठी ती नुसती टेकडीच राहिली असती. पुरावा मागणारा आपला धम्म, त्याने फावड्याला भ्यायचे कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. 1958 च्या कायद्याप्रमाणे खोदणाऱ्याला सरकारची परवानगी लागते. तेथे हात जोडणाऱ्यांना विचारा, असे बंधन नाही. सापडलेली वस्तू कुठे जाणार, हेही त्यांना कोणी विचारत नाही.

मनसरला गोष्ट जरा निराळी झाली. तेथे भदन्त सुरई ससाई यांच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेनेच पुढाकार घेतला आणि 1998 च्या सुमारास जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्याकडून उत्खनन सुरू झाले. म्हणजे श्रद्धावानांनीच शास्त्रज्ञ बोलावले! पण हिडिंबा टेकडीवर जे निघाले त्यावर एकमत नाही. कोणी स्तूप म्हणतात, तर कोणी ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरेश्वर शिवमंदिर मानतात. आपल्याला स्तूप हवा आहे, हे मी लपवत नाही. तरी ज्याला बोलावले त्याचे उत्तर आवडले नाही म्हणून त्याला घालवून देता येत नाही. वाद अहवालाने व्हावा, घोषणांनी नको.

आणि आपलेही चुकतेच. लेण्यांत जाऊन भिंतीवर नावे कोरणारे आपलेही पोरगे असतात. जुन्या विटांवर सिमेंट चढवून नवी मूर्ती बसविली की खालचे थर कायमचे मुके होतात.

पिप्रहव्याचे ताजे उदाहरण घ्या. 1898 मध्ये पेप्पे नावाच्या इंग्रज जमीनदाराने स्तूप खोदला. अस्थींसोबतची काही रत्ने त्याच्या घराण्याकडे राहिली, आणि मे 2025 मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला! जगभरच्या बौद्धांनी आणि भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात आली.

आपण हे मागतो, तर इतरांनाही द्यावे लागेल. गोंदिया जिल्ह्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड बांधव पारी कुपार लिंगोच्या नावाने दूरदुरून तेथे येतात. उद्या आपलाच एखादा शिकलेला मुलगा संशोधनासाठी त्या गुहेत गेला, तर आधी कॅमेरा काढील की आधी तेथल्या भुमकाला विचारील? आणि भुमका 'नाही' म्हणाला तर? मला वाटते, त्याने परत यावे. पुन्हा पुढच्या वर्षी जावे, बसावे, बोलावे. संशोधन थोडे उशिरा झाले तर काही बिघडत नाही.

समितीपुढे एक सूचना ठेवतो. मुचलिंदाच्या त्या स्तंभाची हुबेहूब प्रतिकृती पवनीला ठेवावी, म्हणून राष्ट्रीय संग्रहालयाला आपण पत्र लिहू. पुढच्या रविवारी वंदनेनंतर मसुदा वाचून दाखवीन. पहिली सही आजीबाईंची घेऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!