ब्रेक कमी लागतात? आधी निदान, मग दुरुस्ती

(सोलापूर येथे डाळिंब उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. आज गाडीच्या ब्रेकवर का बोलतो, असे आपल्याला वाटेल. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातले डाळिंब पिकअपमध्ये भरून सोलापूर, पुणे, वाशीच्या बाजारात जाते. मालाबरोबर बहुतेक वेळा घरचाच माणूस असतो. फवारणी पंपाची आपण घेतो तेवढी काळजीसुद्धा ब्रेकची घेत नाही.

आमच्या घरच्या पिकअपचे ब्रेक सकाळी चांगले लागत. तासाभराने पेडल घट्ट होई आणि गाडी लवकर थांबत नसे. गॅरेजमध्ये आधी पॅड बदलले, नंतर मास्टर सिलिंडर बदलला. पैसे गेले, दोष तसाच राहिला. एकदा खंडाळ्याच्या उतारावर भरलेली गाडी थांबवताना माझ्या भावाला दोन्ही पायांनी पेडल दाबावे लागले. शेवटी दोष सापडला तो बूस्टरच्या रबरी नळीत. नळीला चीर होती. इंजिन तापून रबर मऊ पडले की ती उघडत असे.

पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकू नये, हे आपण जाणता. खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. ब्रेकचेही तसेच आहे. पेडल पायाला कसे लागते, त्यावरून दोष ओळखावा.

बूस्टरचे काम

पेडलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला गोल डब्यासारखा भाग असतो, तो बूस्टर. त्यात रबरी पडदा असतो. आतली हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि तिच्या दाबाने पायाला मदत होते. पेट्रोल गाडीत हवा ओढण्याचे काम इंजिनच करते. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो.

घरी करावयाच्या तीन चाचण्या

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड लावावेत.

१) इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. ते घट्ट झाले की दाबून धरावे व इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. गेले नाही तर नळी, झडप, पंप किंवा बूस्टर यांपैकी कशात तरी दोष आहे.

२) इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे. मग पेडल सावकाश तीन वेळा दाबावे. दर वेळी ते आधीपेक्षा वर थांबले पाहिजे. पहिल्यापासूनच घट्ट लागले तर व्हॅक्यूम टिकत नाही.

३) इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच इंजिन बंद करावे व अर्धा मिनिट थांबावे. पेडल वर आले तर हवेची गळती आहे.

दोष कधी दिसतो, कधी नाही, असे असेल तर याच चाचण्या इंजिन गरम असताना पुन्हा कराव्यात.

लक्षणे व दोष

• पेडल घट्ट, ब्रेक कमी: व्हॅक्यूमचा दोष. आधी नळी पाहावी. ती सर्वांत स्वस्त.

• पेडल मऊ, दोन-तीनदा दाबल्यावर लागते: ब्रेक ऑईलमध्ये हवा असू शकते किंवा मागचे शू ढिले झालेले असतात.

• दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जाते: कुठेतरी ऑईल गळते. बाहेर गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडर तपासावा.

• गाडी एका बाजूला ओढते: एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा लायनरवर ऑईल आले आहे.

• लांब उतारावर ब्रेक सुटत जातात: ब्रेक फार तापले आहेत किंवा ब्रेक ऑईल जुने आहे. हे ऑईल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

दक्षता

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही घातक सवय आहे. पंप थांबतो आणि बूस्टरमधील व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो. वाटेत इंजिन बंद पडलेच तर पेडल वारंवार दाबू नये. एकदाच जोराने दाबून धरावे. पेडल जड लागले तरी ब्रेक लागतात, मात्र ताकद फार लागते. उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल कधीही घालू नये. रबरी भाग फुगून निकामी होतात. चाचणीत दोष आढळला तर माल भरू नये. मिस्त्रीकडे जाताना नुसते “ब्रेक लागत नाहीत” असे न सांगता पेडल कसे लागते आणि कोणत्या चाचणीत काय दिसले, ते सांगावे.

या तीन चाचण्यांना दहा मिनिटे पुरतात. पुढचा माल भरण्यापूर्वी त्या अवश्य करा, एवढी विनंती करून मी थांबतो.