शिक्षा कमी वाटली तर…

फुलसावंगीच्या, महागाव तालुक्यातल्या मायबहिणींनो…

घरातल्या छळाचा खटला चालला.
नवऱ्याला शिक्षा झाली… पण अगदीच थोडी.
आता पुढं काय?

तालुक्याच्या न्यायालयानं शिक्षा दिली,
तर आरोपीला 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं.
आपल्याकडे, पुसदला.

आणि त्या बाईला?
आरोपी सुटला… हलक्याच गुन्ह्यात दोषी ठरला… भरपाई कमी मिळाली…
तर ती स्वतः अपील करू शकते.
हा हक्क 2009 साली कायद्यात आला.

पण शिक्षा वाढवून हवी असेल,
तर अपील सरकारच करतं.
सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हेच सांगितलं.
मला ही मोठी उणीव वाटते.
म्हणून निकालाच्या दिवशीच सरकारी वकिलांना गाठा.

निकालाची नक्कल मागा.
तिच्यावरच्या शिक्क्यात तारखा असतात…
अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली.
नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.
तो कागद जपून ठेवा.

पुन्हा सांगते…
शिक्षा वाढवायची, तर सरकारी वकील.
आरोपी सुटला, तर तुमचं स्वतःचं अपील.

वकिलाच्या पैशाची काळजी नको.
बाईला सरकारी मदतीचा वकील मोफत मिळतो,
उत्पन्नाची अट नाही.
तालुका विधी सेवा समितीत जा,
नाहीतर फोन करा…
एक, पाच, एक, शून्य, शून्य.