होकार कुणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज काही हलकेफुलके बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले होते. म्हणून विषय निवडला तो लग्ने जुळविण्याच्या नाटक-सिनेमांचा.

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपणां सर्वांना पाठ आहे. तिच्यातले अर्धे नाव घेऊन मास्टर विनायक यांनी १९४० साली चि. वि. जोशी यांच्या कथेवर चित्रपट काढला. पुढे २०१० साली 'मुंबई-पुणे-मुंबई' आला. त्यातली मुलगी घरच्यांच्या आग्रहाखातर, मनात नसताना, पुण्याला स्थळ पाहायला जाते. सत्तर वर्षे लोटली, पण आईबापांची घाई तीच आणि आपले हसणेही तेच.

देवलांच्या 'शारदे'त मात्र हसता हसता घास अडकतो. १८९९ सालच्या या नाटकात कांचनभट पैशासाठी आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न मोडते ते गोत्र एक निघाले म्हणून. मुलीला नको होते म्हणून नव्हे! स्पेनमध्येही मोरातीन या नाटककाराचे असेच एक नाटक १८०६ साली रंगभूमीवर आले. त्यात आईच मुलीचे लग्न साठीला टेकलेल्या गृहस्थाशी ठरविते. मुलीला आज्ञा पाळायचे वळण असे लागलेले, की मनातले सांगायला तिची जीभच रेटत नाही. अखेर तो गृहस्थच शहाणा निघतो आणि तिच्या मनातल्या तरुणासाठी बाजूला होतो.

आता माझीच गोष्ट सांगते. गेल्या वर्षी नणंदबाईंनी एक स्थळ आणले. मंडळी आमच्या भाईंदरच्या घरी आली, पोहे झाले, आणि उठता उठता मी म्हणून गेले, "आमचा होकारच समजा." मुलगी तेव्हा विरार लोकलच्या गर्दीत उभी होती! घरी येऊन ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, "आई, होकार तू दिलास, मग बोहल्यावरही तूच उभी राहा."

मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मलाच फोन करून शब्द मागे घ्यावा लागला. नणंदबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मुलीचे लग्नही अद्याप ठरलेले नाही. पण त्या रात्रीपासून ती माझ्याजवळ बसून मनातले बोलते.

१९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. पण मुलीच्या मनात काय आहे, हे विचारायला कायदा आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. ते काम आपले.

आज समारंभ संपला, की पुष्कळजणींच्या पर्समधून पत्रिका आणि फोटो बाहेर निघतील, हे मला ठाऊक आहे. खुशाल काढा. फक्त त्याआधी घरी एकदा विचारून आलात ना?